तासाला ३५ सेकंद

वारासिवनीत सायकलच्या दुकानापुढे घटकाभर थांबून बघावं. सायकल उलटी ठेवलेली असते. कारागीर मागच्या चाकाला हलका झटका देतो. रिम एका जागी जराशी वाकडी असते, दर फेऱ्याला ती ब्रेकच्या रबराला घासते, सर्र सर्र आवाज येतो आणि चाक लवकरच थांबतं. मग तो चावीनं दोन-तीन आरे पाव-पाव फेरा कसतो, आउट काढतो. पुन्हा तेवढाच झटका. या वेळी चाक फिरतच राहतं. चालवणाऱ्याच्या पायांत जोर तितकाच असतो, पण तो आता रबर झिजवण्यात जात नाही.

शर्यतीत हा पाव फेरा किती मोलाचा ठरतो ते पाहिलं की मी थक्क होतो. तुमसर-भंडाऱ्यावरून आपण जिथे कामाला जातो त्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’त एकट्यानं उतरले. कॅलिफोर्नियातलं ओशनसाइड ते पार पूर्व किनाऱ्याजवळचं ॲनापोलिस, जवळपास पाच हजार किलोमीटर, मुदत १२ दिवस. ते ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत पोहोचले. त्यांच्या थोडं आधी, ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत, तेव्हा नाशिकला असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ पोहोचले होते. ही शर्यत एकट्यानं पुरी करणारे ते पहिले भारतीय.

समर्थांच्या हाताशी उरली होती २ तास ४९ मिनिटं. मी कागदावर भागाकार मांडला. दिवसाला १४ मिनिटं. तासाला ३५ सेकंद. म्हणजे मुदतीच्या जेमतेम एक टक्का! सायकलवरून उतरायचं, पाणी प्यायचं, बाटलीचं झाकण लावून पुन्हा बसायचं, यातच ३५ सेकंद जातात. झोप आणि थांबे धरून त्यांचा वेग ताशी १७ किलोमीटरच्या आसपास येतो. त्या वेगानं आपल्याकडची मुलं शाळेत जातात. बारा दिवस, रात्री धरून, तो तसाच टिकवायचा, हे नवल.

हाच एक टक्का ब्रिटनच्या सायकल संघाचे तेव्हाचे प्रमुख डेव्ह ब्रेल्सफर्ड जागोजागी शोधत राहिले. खेळाडूंनी हात नीट कसे धुवावेत, झोपायला उशी कोणती असावी, इथवर. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्यांच्या सायकलपटूंनी ८ सुवर्णपदकं आणली. पैसाही भरपूर लागला, आणि नुसत्या उशीनं पाय तयार होत नाहीत, हेही खरंच.

सगळ्यात मोठा अडथळा मात्र डोळ्यांना दिसतच नाही: हवा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला आठपट ताकद लागते. उन्हाळ्यात समोरून वारा सुटला की हँडलवर आपोआप वाकणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

१९८९ च्या ‘टूर द फ्रान्स’चा शेवटचा दिवस. फक्त २४.५ किलोमीटर उरलेले आणि अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लोराँ फिन्याँच्या ५० सेकंद मागे. लेमाँडनं पुढे निघालेलं जादा हँडल बसवलं होतं, त्यावर कोपरं जवळ घेऊन तो वाकला. डोक्याला मागे निमुळतं हेल्मेट. फिन्याँ उघड्या डोक्यानं, केसांची शेपटी वाऱ्यावर. लेमाँडनं ते अंतर ५८ सेकंद लवकर कापलं. तीन आठवडे, तीन हजारांहून जास्त किलोमीटर, आणि जिंकला तो ८ सेकंदांनी. आउट काढलेलं ते चाक एका झटक्यावर याहून जास्त वेळ फिरतं.