नरडाणा ते चक्करबर्डी

शिंदखेडा तालुक्यातलं नरडाणा हे वाटेवरचं गाव. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो, सुरत-भुसावळ रेल्वेही इथूनच जाते, आणि एमआयडीसीमुळे अवजड गाड्यांची भर पडली आहे. दक्षिणेला सोनगीर ओलांडलं की धुळे, उत्तरेला तापीपलीकडे शिरपूर. इथे रात्री दोन वाजता ट्रकने मोटारसायकल उडवली तर पुढे काय काय घडतं, ते नीट पाहिलं की तातडीच्या वैद्यकातला डॉक्टर आयुष्यभर कसलं काम करतो ते कळतं. नळी घालणं, रक्त थांबवणं हा त्यातला थोडाच भाग. कुठला रुग्ण कुठे पाठवायचा, किती वेळात, आणि तिथे त्याला ताब्यात कोण घेणार, या जुळवाजुळवीतच त्याची पाळी संपते.

ही शाखा तशी कोवळी आहे. १९६१ साली अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात, जेम्स मिल्स आणि त्यांचे तीन सहकारी आपापली प्रॅक्टिस सोडून रुग्णालयाच्या इमर्जन्सीत पूर्णवेळ बसू लागले. तोवर तिथेही आज याची ड्युटी, उद्या त्याची, असाच कारभार होता. स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळायला १९७९ उजाडलं. भारतीय वैद्यक परिषदेने ती दिली २००९ मध्ये. म्हणजे या विषयात एमडी होऊन निवृत्त झालेला डॉक्टर आपल्याकडे शोधावाच लागेल. जे एमडी होतात त्यांचा ओढा मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांकडे. तिथे काही वर्षं रात्रपाळ्या काढल्यावर अनेक जण व्यवस्थापनात शिरतात. खाटा, ऑक्सिजन, रुग्णवाहिका, तक्रारी यांचा हिशेब त्यांना आधीपासूनच तोंडपाठ असतो.

तालुक्याच्या दवाखान्यात मात्र जो ड्युटीवर तोच इमर्जन्सीचा डॉक्टर. त्याच्यासमोर येणारी कामंही पुस्तकातल्या क्रमाने येत नाहीत. पावसाळ्यात घोणस आणि मण्यार, कपाशीच्या फवारणीतली विषबाधा, मे महिन्यात उष्माघात, आणि बाराही महिने महामार्ग. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडमध्ये काम करत होते, कुठल्या महानगरात नव्हे, हे या संदर्भात विसरू नये.

२०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक. या गाडीत डॉक्टर असतो, बहुतेकदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर. त्यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला वाटतं, नरडाण्याच्या फाट्यावर रक्तबंबाळ माणसाजवळ पहिल्यांदा पोचणारा तोच असेल, तर त्याला आणखी शिकवा. नाकं नंतर मुरडू. कारण शिरपूर की धुळे हा निर्णय त्याच्या हातात असतो. नातेवाइकांचा धोशा एकच, ‘धुयाले लई जा’. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चक्करबर्डीला, म्हणजे नरडाण्याहून आलेल्या गाडीला शहर पार करून पुन्हा मालेगावच्या दिशेने जावं लागतं.

आणि तिथे पोचल्यावर? मार्च २०१७ मध्ये याच रुग्णालयात अपघातात डोक्याला मार लागलेला एक रुग्ण आला. मेंदूचा शल्यविशारद उपलब्ध नव्हता. निवासी डॉक्टरने दुसरीकडे हलवायला सांगितलं, आणि सोबतच्या माणसांनी त्याला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं. चर्चा झाली ती सुरक्षारक्षकांची. ती हवीच होती. पण तज्ज्ञ नाही ही गोष्ट रुग्ण दारात येईपर्यंत कुणालाच ठाऊक नसावी, याची चर्चा फारशी झाली नाही. मारहाणीचं समर्थन यातून होत नाही. मात्र ती ठिणगी कुठे पडली ते दिसतं.

जळगावची २०२० मधली घटना याहून बोचरी. भुसावळहून आणलेली ८२ वर्षांची कोविडग्रस्त आजी २ जूनपासून तिथल्या रुग्णालयाच्या वॉर्डातून बेपत्ता होती. १० जूनला तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. महासाथीत सगळेच थकले होते, हे खरं. पण इथे औषध कमी पडलं नव्हतं, यंत्र बंद पडलं नव्हतं. पाळी बदलताना रुग्ण मोजून ताब्यात घेणं, एवढंच राहून गेलं होतं. रुग्णालयाचं व्यवस्थापन म्हणजे नुसती फायलींची कामं, असं समजणाऱ्या डॉक्टरांनी हा आठवडा आठवावा.

एकदम अनेक जखमी आले की ही मोजदाद आणखी निकराची होते. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, डझनाहून अधिक माणसं गेली. ४ जुलै २०२३ ला पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना उडवत हॉटेलात घुसला. किमान दहा मृत्यू, वीसहून अधिक जखमी. अशा वेळी लाल, पिवळा, हिरवा, काळा अशी वर्गवारी करणारा डॉक्टर उपचार करत बसत नाही, आणि बसूही नये. तो एकाजवळ थांबला तर बाकीचे मागे पडतात. गर्दीला हे निर्दयपणाचं वाटतं. आरडाओरडा करणारा अनेकदा हिरवा, म्हणजे थांबू शकणारा असतो, आणि गप्प पडलेला लाल, म्हणजे सगळ्यात तातडीचा.

कायद्याच्या बाजूने वाट बरीच मोकळी झाली आहे. आधी पोलीस, मग उपचार हा खाक्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच, परमानंद कटारा खटल्यात, मोडीत काढला. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण दिलं. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना आहे. तरी पैशांची सोय म्हणजे शल्यविशारदाची सोय नव्हे. नरडाण्यातून गाडी निघतानाच आतल्या डॉक्टरला आज धुळ्यात न्यूरोसर्जन आहे का, शिरपुरात रक्त आहे का, कुठल्या आयसीयूत खाट रिकामी आहे, हे कळायला हवं. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. प्रत्येक पाळीला ही माहिती ताजी ठेवणारा एक माणूस लागतो, आणि त्याचं पद आधी मंजूर व्हावं लागतं.