तुकड्यातुकड्यांनी जुळलेले भ्रंश

गाळाच्या खोऱ्याच्या नकाशावर पन्नास-साठ किलोमीटर लांबीचा भ्रंश एका सलग रेषेने दाखवलेला असतो, तेव्हा तेवढ्या लांबीची जमीन एकाच वेळी फाटली असावी, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात अशा बहुतेक रेषा आखूड तुकडे लाखो वर्षांत एकमेकांना भिडून तयार झालेल्या असतात आणि त्या तुकड्यांचे सांधे खोऱ्याच्या पुढील इतिहासात मोठी भूमिका बजावतात.

भूकवच ताणले गेले की खडक तिरप्या प्रतलावर तुटतो आणि त्या प्रतलावर रेललेला वरच्या अंगाचा भाग खाली घसरतो. यालाच सामान्य भ्रंश म्हणतात. शालेय भूगोलातील खचदऱ्या याच घसरणीतून घडतात. घसरण भ्रंशाच्या सर्व लांबीभर सारखी नसते. ती साधारणपणे मध्याजवळ सर्वाधिक असते व टोकांकडे कमी होत जाऊन शून्यावर येते, आणि तिचे कमाल माप बहुधा लांबीच्या एक ते दहा टक्क्यांच्या दरम्यान भरते. त्यामुळे एखादा लांब भ्रंश अपेक्षेपेक्षा फारच कमी घसरलेला आढळला, तर दोन आखूड भ्रंश नुकतेच जोडले जाऊन लांबी एकदम वाढली असावी आणि घसरणीची भरपाई अजून व्हायची असावी, अशी शंका घेण्यास जागा राहते.

ही जोडणी टोकाला टोक भिडून क्वचितच होते. दोन भ्रंश वाढताना बहुधा थोड्या अंतरावरून एकमेकांना ओलांडून पुढे जातात आणि त्यांच्या मधली खडकाची पट्टी, दोन मजल्यांना जोडणाऱ्या रॅम्पसारखी, उंच बाजूकडून खोल बाजूकडे कलते. ताण वाढत गेला की ही पट्टी वाकते, तिच्यात आडव्या भेगा पडतात आणि अखेर एखादी भेग तिला पार कापून दोन्ही भ्रंश एक करते. नकाशावरील रेषेत मात्र त्या जागी एक बाक कायमचा राहून जातो. अमेरिकेतील यूटा राज्याच्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात या साऱ्या अवस्था उघड्यावर पाहता येतात. तेथे कोलोरॅडो नदीने आधार कोरून काढल्यामुळे मिठाच्या थरावरील वालुकाश्म नदीच्या दिशेने सरकत आहेत. हवा कोरडी असल्याने भ्रंशांचे कडे फारसे झिजलेले नाहीत, आणि एका कड्याची उंची कमी होत असतानाच शेजारच्या कड्याची वाढत जाते, हे डोळ्यांना स्पष्ट दिसते.

जोडणीबरोबर स्पर्धाही चालते. सरकणाऱ्या भ्रंशामुळे त्याच्या दोन्ही अंगांचा ताण सैल होतो, तर टोकांपुढच्या खडकावर तो वाढतो. परिणामी एका रांगेत असलेले तुकडे परस्परांना बळ देतात आणि बगलेतले भ्रंश हळूहळू निष्क्रिय होतात. उत्तर समुद्राच्या तळाखाली, सुमारे 16 ते 14 कोटी वर्षांपूर्वी सक्रिय असलेल्या स्ट्रॅथस्पे-ब्रेंट-स्टॅटफ्योर्ड या भ्रंशमालेत हे फार सुरेख टिपले गेले आहे. मॅक्लाउड, डॉअर्स आणि अंडरहिल यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कृत्रिम कंपनलहरींच्या त्रिमितीय नोंदींवरून ही मांडणी उलगडली. भ्रंश सक्रिय असताना साचलेला गाळ त्याच्याकडे जाड होत जातो. म्हणून कोणत्या थराची जाडी कोठे वाढली हे पाहिले की कोणता तुकडा केव्हा हलत होता हे कळते. आरंभी तेथे अनेक आखूड भ्रंश होते. पुढे घसरण मोजक्या, जुळून लांब झालेल्या भ्रंशांवर एकवटली आणि उरलेले गाळाखाली गाडले गेले.

याच भ्रंशमालेच्या उचललेल्या, पश्चिमेकडे कललेल्या ठोकळ्यांत 1971 मध्ये ब्रेंट आणि 1974 मध्ये स्टॅटफ्योर्ड ही तेलक्षेत्रे सापडली. खाली घसरलेल्या बाजूच्या खोल पाण्यात तेलाला जन्म देणारा काळा चिखल साचला आणि वर राहिलेल्या बाजूच्या जुन्या वालुकाश्मात ते तेल अडकले; एकाच हालचालीने उगम आणि सापळा दोन्ही पुरवले, हा योगायोग नव्हे.

तेल शोधणाऱ्यांचे लक्ष सांध्यांकडे असते, त्यालाही ठोस कारण आहे. भ्रंशाचा कडा नद्यांना अडवतो, परंतु तिरपी पट्टी त्यांना वाट देते. त्यामुळे भरड वाळूचे पंख्यासारखे पसरलेले थर अनेकदा अशा पट्टीच्या पायथ्याशी सापडतात. दुसरीकडे, पट्टी अखंड राहिली तर दोन्ही बाजूंचे वालुकाश्म तुटत नाहीत, आणि सापळ्यात असायला हवे असलेले तेल तिच्यावरून निसटून जाऊ शकते.

भ्रंश आधी आखूड असतात व मग लांबतात, की त्यांची बहुतेक लांबी अगदी सुरुवातीलाच ठरते आणि पुढे केवळ घसरण साचत जाते, याबद्दल भूवैज्ञानिकांत मतभेद आहेत. दोन्ही बाजूंचे पुरावे पाहता हा वाद बराचसा काळाच्या मापाचा वाटतो: जोडणी भ्रंशाच्या आयुष्याच्या मानाने झटपट उरकत असेल, तर दहा-दहा लाख वर्षांच्या थरांत वाचणाऱ्याला तो जन्मतःच लांब दिसणार.