बिनलायसनचा रेडिओ

घरात टीव्ही आहे पण लायसन नाही म्हणून दंड, हे आज विशी-तिशीतल्या कुणाला सांगितलं तर पटणार नाही. पण १९८५ पर्यंत आपल्याकडे हाच कायदा होता, आणि टीव्हीच्या कितीतरी आधीपासून तो रेडिओला लागू होता. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यापुरतं बोलायचं तर रेडिओचंच लायसन महत्त्वाचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून ते पुण्याला दिसू लागलं. पण कोयना, केरा, मोरणा, वांग, तारळी यांच्या खोऱ्यांत, डोंगराच्या कुशीतल्या गावांत चित्र पकडणं सोपं नव्हतं. रेडिओचं तसं नव्हतं. १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं आणि मध्यम लहरींवरचा तो आवाज डोंगर ओलांडून घराघरांत पोचला. ज्या कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होत होती, तिच्याच आसपासच्या कित्येक वाड्यांत दिवा नव्हता. तिथे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर हेच जगाशी नातं होतं. या ट्रान्झिस्टरला लायसन लागायचं. ते कसं मिळायचं, नसलं तर काय व्हायचं आणि दंड नेमका कोणाला व्हायचा, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनं मुंबईत केंद्र सुरू केलं. कंपनी खासगी होती आणि तिची मुख्य कमाई लायसनच्या पैशांवर अवलंबून होती. वर्षाला १० रुपये फी, त्यातला ८० टक्के वाटा कंपनीला, असा व्यवहार ठरला होता. पण पैसे भरणारे निघाले फार थोडे. रेडिओ घरी आणला, तार बांधली आणि ऐकत बसलं, तर बाहेरच्याला कळणार कसं? हाताशी कायदा होता तो १८८५ चा तार कायदा. तो झाला तेव्हा रेडिओचा जन्मही झाला नव्हता. त्याचा रोख तारयंत्र उभारणं आणि चालवणं यावर. माणूस रेडिओ ऐकत होता हे सिद्ध करायचं तर तो ऐकत असतानाच त्याला गाठायला हवं. हे जमणारं नव्हतं. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि प्रसारण सरकारनं आपल्याकडे घेतलं.

यातून सरकारनं जो धडा घेतला तो १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टमध्ये दिसतो. १ जानेवारी १९३४ पासून तो अमलात आला. त्याचं तिसरं कलम एका वाक्याचं आहे: लायसनशिवाय कोणीही बिनतारी यंत्र जवळ बाळगू नये. ऐकण्याबद्दल त्यात चकार शब्द नाही. रेडिओ बंद असो, सेल संपलेले असोत, कपाटावर धूळ खात पडलेला असो, तो घरात आहे एवढं पुरे. बाकीचा सगळा कारभार या एका वाक्यावर उभा राहिला, आणि खेड्यापाड्यांतल्या माणसांची गफलत व्हायची ती इथेच. रेडिओ लावलाच नाही तर लायसन कशाला, असं कुणालाही वाटणारच. मला त्यात त्यांची चूक दिसत नाही. सायकलच्या कराच्या बिल्ल्याचं कारण तरी कळायचं, सायकल रस्त्यावर फिरते. घरातल्या कोनाड्यात ठेवलेल्या वस्तूवर दरवर्षी पैसे भरायचे, हे साध्या व्यवहारबुद्धीला पटणं अवघडच होतं.

लायसन द्यायचं काम पोस्टाकडे होतं. रेडिओ घेतला की पोस्टात जायचं, नाव, पत्ता आणि सेटची माहिती लिहून द्यायची, फी भरायची. हातात एक छोटं पुस्तक मिळायचं, बचत खात्याच्या पासबुकाएवढं. त्याच्या पानांवर फीची खास तिकिटं चिकटवलेली आणि त्यांवर पोस्टाचा तारखेचा शिक्का. हीच पावती आणि हाच पुरावा. दरवर्षी पुस्तक घेऊन पुन्हा पोस्टाच्या खिडकीवर जायचं, नवं तिकीट लावून घ्यायचं. उशीर झाला तर वरचा आकार. सत्तरच्या दशकात घरगुती रेडिओला वर्षाचे १५ रुपये पडत, टीव्हीला ५०. जुन्या घरांच्या ट्रंकेत अजूनही ही पुस्तकं सापडतात, आणि पानं उलटली की घरात रेडिओ कधी आला आणि कुठल्या वर्षी नूतनीकरण राहून गेलं, हे शिक्क्यांवरून कळतं.

ही फी थेट आकाशवाणीच्या हातात पडत नसे. ती सरकारच्या तिजोरीत जाई. म्हणजे पैसे भरणाऱ्याला वाटायचं आपण सांगलीच्या कार्यक्रमांसाठी देतोय, पण तसं थेट नातं नव्हतं. याच सरकारनं गावाला रेडिओ ऐकायला बसवण्यासाठी स्वतः खर्चही केला होता. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी रेडिओ श्रोतामंडळांचा प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा अशा पाच जिल्ह्यांतली १५० गावं त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायचे आणि प्रश्न केंद्राला कळवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेत पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला आणि निष्कर्ष उत्साह वाढवणारे होते. चावडीवर मिळून ऐकलेला रेडिओ शेतकऱ्याचं ज्ञान वाढवतो, हे सरकारला दिसलं होतं. तरीही त्याच शेतकऱ्याच्या घरातल्या स्वतःच्या रेडिओवर लायसन आणि दंडाची तलवार पुढे तीसेक वर्षं टांगलेली राहिली. मला हे धोरण तेव्हाही चुकीचंच होतं असं वाटतं.

आता लायसन नसलं तर काय व्हायचं ते पाहू. १९३३ च्या कायद्याचं सहावं कलम सांगतं: पहिल्या गुन्ह्याला १०० रुपयांपर्यंत दंड, दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला २५० रुपयांपर्यंत. कैद नाही. ही रेडिओ-टीव्हीसारख्या, फक्त ग्रहण करणाऱ्या यंत्रांची गोष्ट. संदेश पाठवणारं यंत्र असेल तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग. नुसत्या दंडाचा गुन्हा असल्यामुळे तो जामीनपात्र आणि अदखलपात्र ठरायचा. म्हणजे वॉरंट नसताना पोलिसानं घरी येऊन कुणाला धरून नेता येत नव्हतं. घराची झडती घ्यायची तर तीही कुणालाही घेता येत नसे. सातव्या कलमाप्रमाणे केंद्र सरकारनं त्यासाठी खास अधिकार दिलेला अधिकारी लागायचा, आणि बिनलायसनचं यंत्र तिथे असल्याचं मानायला त्याच्याकडे कारण असावं लागायचं. ‘रेडिओ इन्स्पेक्टर आला’ म्हटल्यावर ट्रान्झिस्टर धान्याच्या कणगीत लपवणाऱ्या माणसाला हे कुणी सांगितलं असतं, तर त्याची निम्मी भीती तिथेच गेली असती.

खटला चालायचा तो न्यायदंडाधिकाऱ्यापुढे. ढेबेवाडीकडच्या किंवा हेळवाकच्या माणसाला पाटणच्या कोर्टात तारखेला यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत यावर एक सोय होती, पण ती फार थोड्यांना ठाऊक असावी. किरकोळ गुन्ह्यासाठी कोर्ट खास समन्स काढू शकायचं. गुन्हा कबूल असेल तर हजर न राहता लेखी कबुली आणि समन्समध्ये लिहिलेली दंडाची रक्कम पोस्टानं पाठवली की प्रकरण मिटायचं. ती रक्कम तेव्हा १०० रुपयांपेक्षा जास्त असू शकत नसे. पहिल्यांदा सापडलेला बिनलायसनचा रेडिओवाला या चौकटीत अगदी नेमका बसायचा. नुसत्या दंडाच्या गुन्ह्यात सहा महिन्यांत खटला दाखल व्हायला हवा, अशी मुदतही त्याच संहितेत होती. पण तिचा आधार घेता येणं कठीण, कारण बाळगणं हा चालू राहणारा गुन्हा होता. रेडिओ घरात आहे तोवर मुदत रोज नव्यानं सुरू.

दंड भरलाच नाही तर मात्र गोष्ट बदलायची. मूळ गुन्ह्याला कैद नसली तरी दंड न भरल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या ६७ व्या कलमाखाली कोर्ट साधी कैद सुनावू शकायचं: दंड ५० रुपयांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त दोन महिने, १०० पर्यंत असेल तर चार. शिवाय दोषी ठरल्यावर यंत्र जप्त करायचं की नाही हेही कोर्टानं ठरवायचं असे. खरा धाक मला या जप्तीचाच वाटतो. शंभर रुपये कसेही उभे करता येतात, पण पोटाला चिमटा घेऊन घेतलेला सेट गेला तर तो पुन्हा कधी येणार?

आणि आता सगळ्यात अडचणीचा भाग. दंड कोणाला? पाटण तालुक्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला. रेडिओ बहुधा मुंबईत घेतलेला असायचा आणि गणपतीला किंवा शिमग्याला गावी येताना, चामड्याच्या कव्हरात घालून, पट्टा खांद्याला लावून आणलेला. सुट्टी संपली की मुंबईकर परत जायचा आणि सेट आईवडिलांसाठी घरी राहायचा. पैसे मुलाचे, पावती मुलाच्या नावाची, रेडिओ म्हाताऱ्या बापाच्या घरात. १९३३ च्या कायद्यानं यावर उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. यंत्र ज्याच्या ताब्यात उघड दिसतं, किंवा ज्या जागेवर ज्याचा प्रत्यक्ष ताबा आहे तिथे ते सापडतं, त्या माणसानंच ते बाळगलं आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं. मालक कोण हा प्रश्नच नाही. म्हणजे लायसन काढायचं राहिलं असेल ते मुंबईतल्या मुलाकडून, पण समन्स यायचं ते गावातल्या बापाच्या नावानं. गृहीत धरू शकतं, धरलंच पाहिजे असं नाही. मुलाचं चालू लायसन दाखवलं किंवा ताबा आपला नव्हता हे पटवून दिलं तर बाप सुटू शकायचा. पण त्यासाठी ते पुस्तक हाताशी हवं, आणि ते अनेकदा परळच्या खोलीत मुलाच्या ट्रंकेत. नातेवाइकांमध्ये वस्तू फिरतात, पुस्तकं फिरत नाहीत, याची जाण हा कायदा लिहिणाऱ्यांना नव्हती.

ब्रिटनमध्ये टीव्ही लायसन आजही आहे. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक फरक ध्यानात ठेवावा. तिथल्या २००३ च्या कायद्यात गुन्हा आहे तो लायसनशिवाय टीव्ही बसवण्याचा किंवा वापरण्याचा. टीव्ही संच नुसता घरात असणं हा तिथे गुन्हा नाही, पण कुठलीही वाहिनी थेट सुरू असताना पाहायची तर लायसन लागतं, मग ती फोनवर पाहा की लॅपटॉपवर, आणि ती बीबीसीची नसली तरीही. एप्रिल २०२५ मध्ये वर्षाची फी १७४.५० पौंड झाली होती आणि दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो.

आपल्याकडे आधी स्वस्त, एक-दोन बँडच्या रेडिओंना सूट मिळाली आणि मग १९८५ मध्ये घरगुती रेडिओ आणि टीव्ही दोन्हींचं लायसन रद्द झालं. त्याच सुमारास देशभर लहान शक्तीची दूरदर्शन प्रक्षेपण केंद्रं वाढत होती, त्यामुळे पाटणच्या बऱ्याच घरांत टीव्ही आला तो लायसनची कटकट संपल्यावरच. आकाशवाणी आणि दूरदर्शन १९९७ पासून प्रसार भारतीकडे आहेत आणि त्यांचा खर्च मुख्यतः सरकारी अनुदान आणि जाहिराती यांतून चालतो. केबलचे किंवा डिशचे पैसे आपण देतो ती त्या कंपनीच्या सेवेची किंमत आहे. घरात रेडिओ किंवा टीव्ही आहे म्हणून लायसन दाखवा किंवा दंड भरा असं आज कुणी म्हटलं, तर एक पैसाही देऊ नये. संदेश पाठवणाऱ्या यंत्रांची गोष्ट वेगळी: हौशी रेडिओचा सेट किंवा जास्त शक्तीचा वॉकी-टॉकी जवळ ठेवायचा तर आजही सरकारची परवानगी लागते, आणि गडावर ट्रेकला किंवा यात्रेच्या बंदोबस्तासाठी असे सेट मागवणाऱ्या मंडळांनी ते घेण्याआधीच याची चौकशी करावी.