रुग्णच रुग्णाचा कैवारी

दीर्घ आजारांतून उठलेल्या माणसाला घरोघर एकच उपदेश ऐकावा लागतो : "झालें गेलें विसरून जा." हा उपदेश प्रेमापोटीं केलेला असतो, परंतु त्यानें एक नुकसान होतें. वर्षानुवर्षें देह झिजवून त्या माणसानें जें ज्ञान मिळविलेलें असतें, तेंहि त्या विस्मृतींत बुडून जातें. औषधाचा जंतूंवर काय परिणाम होतो, हें डॉक्टर जाणतात. तें औषध घेऊन दिवस कसा कंठावा लागतो, हें मात्र रोग्यालाच कळतें. हें दुसरें ज्ञान, जेथें निर्णय घेतले जातात तेथवर जो नेऊन पोंचवितो, तो रुग्णांचा कैवारी. तो दयेची याचना करीत नाहीं. तो साक्ष देतो. ही साक्ष कशी दिली जाते, हें क्षयरोगाच्या एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

क्षयाचे कांहीं जंतु नेहमींच्या औषधांना दाद देत नाहींत. अशा रोग्यांना अनेक वर्षें कॅनामायसिनचीं इंजेक्शनें महिनेच्या महिने टोंचलीं जात असत. आपल्या अंतःकर्णांत केसांसारखे अतिसूक्ष्म तंतु असलेल्या पेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचें रूपांतर मज्जातंतूंना कळेल अशा संदेशांत करणें, हें त्यांचें कार्य. कॅनामायसिनमुळें या पेशींचा नाश होऊं शकतो, आणि माणसाच्या कानांत त्या पुन्हां उगवत नाहींत. प्रथम उंच पट्टीचे सूर हरपतात. साधें संभाषण अजून ऐकूं येत असल्यामुळें रोग्याच्या तें ध्यानांतहि येत नाहीं. यंत्रानें श्रवणशक्तीची वारंवार तपासणी केली, तरच धोका वेळीं उमगतो.

मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांना २००७ सालीं आंतड्यांचा क्षय झाला. त्या बऱ्या झाल्या. परंतु पुढें रोग उलटला आणि २०१३ सालीं उपचार चालूं असतांना त्यांची श्रवणशक्ति गेली. दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तींत राहणाऱ्या फुमेझा टिसिले यांना २०१० सालीं, विद्यार्थिदशेंत, क्षयानें गांठलें. त्यांचेहि कान उपचारांतच गेले. हजारों गोळ्या गिळून २०१३ सालीं त्या रोगमुक्त झाल्या. एकमेकींपासून हजारों मैल दूर असलेल्या या दोघींच्या वांट्याला एकच सौदा आला होता : कान द्या आणि प्राण घ्या.

अशा वेळीं घरचीं माणसें म्हणतात, "जीव वांचला हेंच पुष्कळ." तें खोटें नव्हे. परंतु कैवाऱ्याचें काम येथूनच सुरू होतें. तो विचारतो, "हा सौदा अटळ होता काय?"

या प्रश्नाला उत्तर मिळूं लागलें होतें. बेडाक्विलिन या नव्या औषधाला अमेरिकेंत डिसेंबर २०१२ मध्यें मान्यता मिळाली. तें गोळीच्या रूपानें घेतात, आणि जंतूची शक्तिनिर्मितीच तें बंद पाडतें. त्याचेहि कांहीं दुष्परिणाम आहेत आणि हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवावें लागतें. पण तें बहिरेपण आणीत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं इंजेक्शनांपेक्षां या गोळ्यांना अग्रक्रम दिला, आणि पुढच्याच वर्षीं कॅनामायसिन वापरूं नये असें सुचविलें. परंतु गोळ्या निर्माण होणें वेगळें आणि गरिबाच्या हातीं पडणें वेगळें. त्यांचें पेटंट जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीकडे होतें. मूळ पेटंटाची मुदत जुलै २०२३ मध्यें संपणार होती. औषधाच्या फ्युमरेट क्षारासाठीं कंपनीनें वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती.

भारतीय पेटंट कायद्याच्या २५ व्या कलमांत येथें उपयोगी पडणारें एक दार आहे. पेटंट देण्यापूर्वीं त्याला हरकत घेण्याचा अधिकार त्या कलमानें 'कोणत्याहि व्यक्तीला' दिला आहे. हरकत घेणारा कारखानदार किंवा शास्त्रज्ञच असला पाहिजे, असें बंधन नाहीं. फेब्रुवारी २०१९ मध्यें नंदिता आणि फुमेझा यांनीं, सीमाविरहित डॉक्टरांच्या 'मेदसां सां फ्राँतिएर' या संस्थेच्या साहाय्यानें, हा अधिकार बजावला.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. 'आम्हीं बहिऱ्या झालों' हें पेटंट नाकारण्याचें कारण कायद्यांत कोठेंहि नाहीं. म्हणून कायदा जी भाषा ऐकतो, त्या भाषेंत बोलावें लागलें. ज्ञात पदार्थाचा केवळ नवा क्षार बनविणें हा नवा शोध ठरत नाहीं, आणि गुणकारीपणांत खरी भर पडल्यावांचून अशा नव्या रूपाला ३ (डी) कलमानें पेटंट मिळूं शकत नाहीं, अशी ही भाषा. दुःखानें त्यांना दारापर्यंत आणलें. दार मात्र अभ्यासानें उघडलें. २३ मार्च २०२३ रोजीं मुंबईच्या पेटंट कार्यालयानें तो अर्ज फेटाळला.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें जागतिक औषधखरेदी यंत्रणेकडील या औषधाची सर्वांत कमी किंमत सहा महिन्यांच्या उपचारासाठीं १३० डॉलरवर आली. म्हणजे निम्म्याहूनहि अधिक उतरली. याचें सारें श्रेय एका निकालाला देतां येणार नाहीं. अनेक देशांतील रुग्ण, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांचा रेटा त्यामागें होता, आणि स्पर्धेला वाव मिळाला होता. या दोघींना स्वतःला मात्र त्या गोळ्यांचा कांहीं उपयोग उरला नव्हता. त्यांची झुंज पुढच्या रोग्यांसाठीं होती.

प्रत्येक रोग्यानें असा लढा द्यावा, असें कोणी म्हणणार नाहीं. ज्याला विसरायचें असेल, त्याला विसरण्याचा हक्क आहेच. परंतु ज्याला बोलावेंसें वाटतें, त्याला घरच्यांनीं तरी गप्प करूं नये. कैवाराचा आरंभ घरांतच होऊं शकतो. कोणतें औषध कधीं सुरू झालें, त्यानंतर काय जाणवूं लागलें, हें तारखेवार लिहून ठेवावें. कानांत गुणगुण होत असल्याचें रोग्यानें सांगितलें, तर "मनाचे खेळ" म्हणून तें टाळूं नये. डॉक्टरांना कळवून श्रवणाची तपासणी करून घ्यावी. रोग्याचें म्हणणें वेळेवर ऐकलें गेलें, तर त्याच्या कानांना पुढें ऐकूं येत राहण्याचा संभव वाढतो.