हेडरमधली अवतरणचिन्हं: सर्व्हरने नेमकी कशी वाचायची?

‘एचटीटीपी हेडर पार्स करायचा ना? अर्धविरामावर तोडा, बरोबरच्या चिन्हावर तोडा, दोन्ही कडेची अवतरणचिन्हं काढून टाका, झालं!’ वेब सिक्युरिटीत रिसर्च करायचा म्हणून विचारायला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींचं पहिलं उत्तर हेच असतं. गंमत म्हणजे रोजच्या हेडरवर ते चालतंही. आता हे बघा (इथे देवनागरीत लिहितेय, पण प्रत्यक्षात ही अक्षरं इंग्रजीत जातात):

कन्टेन्ट-डिस्पोझिशन: अटॅचमेंट; फाइलनेम="प्रकरण; मसुदा.पीडीएफ"

अर्धविरामावर तोडलं की फाइलचं नाव मधोमध तुटतं. दुहेरी अवतरणचिन्ह असतं ते याचसाठी. आतला अर्धविराम किंवा स्वल्पविराम म्हणजे निव्वळ मजकूर, तिथे तोडायचं नाही. त्यामुळे आधी तोडणं आणि मग चिन्हं काढणं हा क्रमच चुकीचा आहे. तोडतानाच आपण चिन्हांच्या आत आहोत की बाहेर, हे माहीत हवं.

नियम जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये आहे आणि छोटासाच आहे. अवतरणाच्या आत बॅकस्लॅश आला, तर तो आणि त्याच्या पुढचं अक्षर ही जोडी धरायची आणि जोडीच्या जागी फक्त पुढचं अक्षर ठेवायचं. म्हणजे "अ\"ब" ची किंमत अ"ब. हे करायला तीन अवस्थांचं स्टेट मशीन पुरतं: बाहेर, आत, आणि ‘नुकताच बॅकस्लॅश पाहिला’. डावीकडून उजवीकडे एकदाच जायचं.

इथे बरेच जण शॉर्टकट मारतात: ‘ज्याच्या आधी बॅकस्लॅश नाही असं पहिलं चिन्ह शोधा, तिथे अवतरण संपलं.’ मग "अ\\" द्या. पहिल्या बॅकस्लॅशने दुसऱ्याला आपल्या जोडीत घेतलंय, त्यामुळे शेवटचं चिन्ह खरोखरच बंद करणारं आहे. शॉर्टकटवाला पार्सर मात्र ते ओलांडून पुढच्या पॅरामीटरमध्ये घुसतो. आणि बंद करणारं चिन्ह आलंच नाही तर? माझं मत स्पष्ट आहे: अंदाज बांधू नका, विनंती ४०० देऊन परत पाठवा.

इथवरचं सोपं आहे. खरी मेख अशी, की हा नियम सगळ्या हेडरना लागू नाही.

ईटॅग घ्या. तिथे अवतरणचिन्हं किमतीचाच भाग आहेत आणि बॅकस्लॅश हे एक साधं अक्षर. पण १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये हीच किंमत नेहमीच्या अवतरणासारखी होती. त्यामुळे जुने प्राप्तकर्ते बॅकस्लॅश काढून टाकू शकतात, आणि म्हणून आजचं प्रमाणक सर्व्हरना सांगतं की ईटॅगमध्ये बॅकस्लॅश घालूच नका.

कुकीचं प्रकरण त्याहून गंभीर आहे. १९९७ च्या आरएफसी २१०९ मध्ये कुकीची किंमत अवतरणात देता यायची आणि आतला अर्धविराम सुरक्षित राहायचा. २०११ च्या आरएफसी ६२६५ ने ते बदललं: कडेला चिन्हं असू शकतात, पण ती आतल्या अर्धविरामाला वाचवत नाहीत. अर्धविराम आला की कुकी संपली. ब्राउझर असंच वागतात. जेट्टी हा जावातला सर्व्हर मात्र किमतीच्या सुरुवातीला चिन्ह दिसलं की बंद करणारं चिन्ह मिळेपर्यंत वाचत राहायचा. आता ही ओळ बघा:

कुकी: भाषा="म; सेशन=१३३७; क=ख"

ब्राउझरच्या लेखी या तीन कुकी आहेत. जेट्टीच्या लेखी एकच, ‘भाषा’, आणि सेशनचा आकडा तिच्या पोटात. सेशनच्या कुकीवर ‘एचटीटीपी-ओन्ली’ असल्यामुळे पानावरच्या जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही. पण हल्लेखोराने कशीतरी पुढची-मागची कुकी पेरली आणि साइट ‘भाषा’ची किंमत पानावर छापत असेल, तर सेशनचा आकडा तिच्याबरोबर पानावर येतो. तिथून तो उचलायला जावास्क्रिप्टला कुणाची परवानगी लागत नाही. एप्रिल २०२३ मध्ये ही त्रुटी सीव्हीई-२०२३-२६०४९ म्हणून जाहीर झाली. त्या कोडला ‘चूक’ म्हणताना मी जरा थांबते, कारण जुन्या प्रमाणकाच्या हिशेबाने तो बरोबरच होता. धोका दोन वाचकांच्या मतभेदात होता.

कधीकधी नियम मुद्दाम वाकवावाही लागतो. जुना इंटरनेट एक्स्प्लोरर काही वेळा फाइल अपलोड करताना पूर्ण पाथ पाठवायचा, तोही बॅकस्लॅश दुप्पट न करता. नियमाने वाचलं तर "सी:\कामे\अ.टीएक्सटी" चं ‘सी:कामेअ.टीएक्सटी’ होतं. म्हणून गो भाषेच्या प्रमाणित लायब्ररीने ठरवलं, की साध्या अक्षराच्या किंवा अंकाच्या आधी आलेला बॅकस्लॅश खराच समजायचा. व्यवहारी निर्णय आहे, मला पटतोही. पण त्यामुळे तीच ओळ दोन लायब्रऱ्या दोन तऱ्हेने वाचतात, हेही खरं.

नव्या हेडरसाठी फेब्रुवारी २०२१ च्या आरएफसी ८९४१ ने वेगळी वाट धरली. बॅकस्लॅशनंतर फक्त अवतरणचिन्ह किंवा दुसरा बॅकस्लॅश चालेल, तिसरं काही आलं की अख्खं हेडर नापास. मतभेदाला जागाच ठेवलेली नाही.

रिसर्चचा विषय शोधत असाल तर इथे भरपूर काम आहे. एकच ओळ पाच-सहा पार्सरना द्यायची आणि उत्तरं कुठे फुटतात ते बघायचं, याला डिफरेन्शियल टेस्टिंग म्हणतात. अवघड भाग प्रोग्राम चालवणं हा नाही. पार्सर ‘अ’ आणि ‘ब’ वेगळं बोलले तर बरोबर कोण, हे हेडरगणिक आणि प्रमाणकाच्या सालागणिक बदलतं, ते ठरवण्यात वेळ जातो. सुरुवात कुकीपासून करा. इनपुट चारच घ्या: न बंद झालेलं चिन्ह, चिन्हांच्या आत अर्धविराम, शेवटी दोन बॅकस्लॅश, आणि बंद झालेल्या चिन्हानंतर लगेच एखादं अक्षर. त्यातला चौथा आधी चालवून बघा, कारण काही पार्सर ते अक्षर गिळतात, काही जोडून घेतात आणि काही अख्खी कुकीच टाकून देतात.