माटोळीसाठी रानात जाताना
चवथीला गणपतीच्या वर आपण बांधतो ती माटोळी म्हणजे घराभोवतालच्या रानाची वर्षातली हजेरीच. नारळ, सुपारीचे घोस कुळागरातून येतात. कांगण्या, घागऱ्या, कवंडळे मात्र रानातून. यंदा बाजारात जाण्याआधी आपण मुलांना घेऊन रानात जाऊया.

घागरीच्या शेंगा वाळल्या की आतल्या बिया खुळखुळतात. तिच्या सुकलेल्या पानांतला रस शोषायला निळी-काळी फुलपाखरे जमतात. कांगणीचे फळ पिकून उकलले की आतल्या तांबड्या गरासाठी पक्षी येतात आणि बी दूरवर नेतात.

म्हणून वेल ओढून काढू नये. एखादाच घोस कापून घ्यावा, बाकीचे पाखरांसाठी ठेवावेत. वेल राहिली तरच पुढच्या चवथीला आपली माटोळी भरेल.