फी नाही, पण शेरे कडक

घरातला मुलगा किंवा मुलगी बी.सी.ए.ला, संगणकाच्या बी.एस्सी.ला किंवा डिप्लोमाला गेली की आईवडिलांच्या कानावर लवकरच क्लासच्या फीचा आकडा येतो. कॉलेजात शिकवतात तेवढे नोकरीला पुरत नाही, असे मुले सांगतात आणि त्यात तथ्यही असते. मग पतपेढीचे कर्ज निघते, आईच्या बचत गटातून उचल होते, आणि सहा महिन्यांनी एक रंगीत प्रमाणपत्र घरी येते. प्रमाणपत्राला आम्ही नावे ठेवत नाही. परंतु मुलाने खरे काम कोणाच्या नजरेखाली केले, कुठे अडला, कोणी दाखवून दिले, यातले काहीच त्या कागदावर नसते.

वाचक बंधू-भगिनींना आज एका निराळ्या शिकवणीची माहिती द्यावयाची आहे. इथे फी घेत नाहीत. शिकवणारे कोणी अमेरिकेत, कोणी ऑस्ट्रेलियात, तर कोणी आपल्याच देशात बसलेले असतात. संस्थेचे नाव शुगर लॅब्स. लहान मुलांना संगणकावर लिहायला, चित्र काढायला, गणित आणि संगीत शिकायला उपयोगी पडेल असे सॉफ्टवेअर ही मंडळी तयार करतात आणि जगाला फुकट वाटतात.

तिची पार्श्वभूमी थोडी सांगितली पाहिजे. 2005 साली अमेरिकेतील निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी गरीब देशांतील प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप देण्याची योजना जाहीर केली. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला तो हिरवा-पांढरा लॅपटॉप प्रत्यक्षात शंभर डॉलरमध्ये कधी बसला नाही. आपल्या केंद्रीय शिक्षण खात्याने 2006 मध्ये ही योजना नाकारली. तरीही 2007 साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात येथील छोट्या शाळेत हे लॅपटॉप प्रयोग म्हणून मुलांच्या हातात आले होते. आपल्यापैकी अनेकांच्या लोकलचे शेवटचे स्टेशन कर्जत, पण ही बातमी कितीजणांना ठाऊक आहे? तिकडे दक्षिण अमेरिकेत उरुग्वे या छोट्या देशाने 2007 मध्ये काम हाती घेतले आणि 2009 पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील सर्व मुलांना लॅपटॉप दिले.

त्या लॅपटॉपवर जे सॉफ्टवेअर चाले त्याचे नाव शुगर. मे 2008 मध्ये वॉल्टर बेंडर यांनी शुगर लॅब्स सुरू केली, ती हे सॉफ्टवेअर त्या एका यंत्राला बांधलेले राहू नये म्हणून. हे शहाणपणाचे ठरले. लॅपटॉपची योजना पुढे ओसरली, पण सॉफ्टवेअर टिकले. त्यात कासवाचा एक खेळ आहे. तुकड्याला तुकडा जोडून मूल कासवाला हुकूम देते, कासव चालते आणि मागे रेघ उमटते. सिमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली, तिची ही पुढची पिढी. म्युझिक ब्लॉक्स नावाच्या दुसऱ्या खेळात सुरांचे तुकडे जोडून गाणे बांधता येते. एक स्वर पाव मात्रेचा, दुसरा अर्ध्या मात्रेचा असे करता करता अपूर्णांक कानाने कळू लागतात. आम्हाला शाळेत अपूर्णांक छडीने कळले होते.

या सॉफ्टवेअरची आतली आज्ञावली कोणालाही उघडून वाचता येते, बदलता येते. ओपन सोर्स म्हणतात ते यालाच. त्या जुन्या लॅपटॉपच्या कळफलकावर तर आतली आज्ञावली दाखवणारी एक खास कळच ठेवली होती.

आता मुख्य मुद्दा. एवढे सॉफ्टवेअर दुरुस्त कोण करते? पगारी माणसांचा ताफा नाही. काम स्वयंसेवकांवर चालते, आणि त्यांत विद्यार्थ्यांची संख्या मोठी असते. त्यामुळे नवशिक्यांना शिकवणे हा इथे उपकार नाही, संस्थेचा गाडाच त्यावर चालतो. कालचा विद्यार्थी एकदोन वर्षांनी नव्या मुलांचे काम तपासायला बसतो. अशा विद्यार्थ्यांत भारतीय मुले-मुली पुष्कळ आहेत.

शिकवण्याची तऱ्हा मात्र क्लाससारखी नाही. फळा नाही, नोट्स नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये काय बिघडले आहे याची यादी सर्वांसमोर टांगलेली असते, त्यांतली सोपी कामे नवीन माणसासाठी खूण करून ठेवतात. विद्यार्थ्याने एक निवडायचे, आपल्या संगणकावर तो बिघाड आधी घडवून पाहायचा, कारण शोधायचे, दुरुस्ती करून पाठवायची. मार्गदर्शक ती ओळीओळीने वाचतो आणि शेरे मारून परत करतो. उत्तर आयते देत नाही, ‘ही ओळ काढली तर काय होईल, करून पाहा’ असे सांगतो. शंका खाजगीत विचारू देत नाहीत. चारचौघांत विचार, म्हणजे तुझ्यासारख्या दुसऱ्यालाही उत्तर मिळेल, हा तिथला रिवाज आहे.

आम्ही कारकून माणसे. मसुदा साहेबांकडे जातो, तांबड्या शाईच्या शेऱ्यासह परत येतो, दुरुस्त करून पुन्हा जातो, हे आमचे रोजचे जगणे. म्हणून ही पद्धत आम्हाला चटकन समजली. घरातल्या मंडळींना ती तशी समजत नाही.

आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीचे उदाहरण देतो. वडील बसवर वाहक, आई पोळ्या लाटण्याची कामे करते. मुलीने मुलांच्या शिक्षणाच्या अशाच एका प्रकल्पासाठी छोटी दुरुस्ती पाठवली. ती तीनदा परत आली. पहिल्यांदा शेरा आला, दोन वेगळ्या दुरुस्त्या एकत्र केल्या आहेस, सुट्या कर. दुसऱ्यांदा, काय बिघडले होते आणि का, ते दोन ओळींत लिही, नुसते ‘दुरुस्त केले’ चालणार नाही. तिसऱ्यांदा, मोबाईलच्या लहान पडद्यावर तपासलेस का? मुलगी रडकुंडीला आली. वडील म्हणाले, “तीन तीनदा परत धाडतात म्हणजे त्यांना तू नको आहेस. सोड नाद.”

आम्ही त्यांच्या घरी जाऊन बसलो. म्हटले, दादा, कचेरीत जी फाईल नको असते ती रेकॉर्डला पडते, तिच्यावर कोणी शेरा लिहीत नाही. तीन शेरे आले म्हणजे तीन वेळा कोणीतरी वेळ काढून वाचले. चौथ्या वेळी दुरुस्ती स्वीकारली गेली.

वडिलांचे तरी काय चुकले? आपल्या मुलांना ‘परत पाठवणे’ याचा एकच अर्थ पिढ्यान् पिढ्या शिकवला गेला आहे. कामावरचा शेरा आणि माणसावरचा शेरा यांत फरक असतो, हे सांगायला घरात कोणीतरी असावे लागते. इथे दुरुस्ती पाठवणाऱ्याला आडनाव कोणी विचारत नाही, कॉलेज कोणते तेही नाही. टोपणनावानेही काम पाठवता येते.

म्हणजे तिथे सगळे समान, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. व्यवहार इंग्रजीत चालतो. स्वतःचा संगणक लागतो, रोजचे दोनतीन तास लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे आणि टीव्ही असेल तर ते दोन तास कुठून काढायचे? बोस्टनमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात, बैठकीला उठावे लागते. ज्यांच्या घरी वेगळी खोली आहे ती मुले पुढे राहतात, हे उघड आहे.

पैशाचा प्रश्न वाचक विचारतीलच. गुगल कंपनी 2005 पासून दरवर्षी ‘समर ऑफ कोड’ हा उपक्रम चालवते. निवड झालेल्या नवशिक्याला शुगर लॅब्ससारख्या संस्थेत मार्गदर्शकाच्या हाताखाली काही महिने काम मिळते आणि गुगल मानधन देते. वीस हजारांहून अधिक मुले-मुली आजवर यातून गेल्या. वय 18 पूर्ण हवे. 2022 पासून कॉलेजचा विद्यार्थी असण्याची अट नाही, त्यामुळे नोकरी करणाऱ्यालाही अर्ज करता येतो. काम 90, 175 किंवा 350 तासांचे असते. मानधन देशातील राहणीमानाच्या खर्चावरून ठरते, म्हणून आपल्याकडे ते अमेरिकेपेक्षा कमी असते. मध्यावर आणि शेवटी मार्गदर्शक काम तपासतो. नापास केले तर पुढचा हप्ता मिळत नाही. अर्जाला फी नाही. तेव्हा ‘निवड करून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी गुगलची कोड-इन नावाची स्पर्धा 2010 पासून दहा वर्षे चालली, आता ती बंद आहे. 2012 मध्ये शुगर लॅब्ससाठी काम करून तिचे मोठे बक्षीस मिळवणाऱ्यांत उरुग्वेचा एक शाळकरी मुलगा होता. ज्या देशाने प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या हातात ते सॉफ्टवेअर दिले, त्याच देशातला मुलगा ते सॉफ्टवेअर सुधारू लागला.

अलीकडे मार्गदर्शकांची एक नवी डोकेदुखी झाली आहे. काही मुले एआयकडून दुरुस्ती लिहून घेतात आणि न वाचताच पाठवतात. तपासणाऱ्याने ‘ही ओळ इथे का?’ असे विचारले की गप्प. परीक्षेत कॉपी करून पास होता येत असेल, इथे दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडायला होते.

ज्यांना आज्ञावली लिहिता येत नाही त्यांनाही काम आहे. शुगरमध्ये पडद्यावरचे शब्द भाषेनुसार वेगळ्या फायलीत ठेवतात, त्यांत मराठीची फाईल आहे. ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ म्हणावे की ‘साठवा’, चौथीतल्या पोराला कोणता शब्द चटकन कळेल, हे इंग्रजी माध्यमातल्या मुलापेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली मुलगी बरोबर सांगेल.

समर ऑफ कोडसाठी निवडलेल्या संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीत लागते, अर्ज मार्च-एप्रिलच्या सुमारास घेतात. परंतु आयत्या वेळी अर्ज टाकणाऱ्यापेक्षा आधीपासून दोनचार दुरुस्त्या करून ओळखीचा झालेला उमेदवार मार्गदर्शकांना बरा वाटतो. त्यासाठी दिवाळीची सुट्टी संपली की सुरुवात करावी. आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी सात ते नऊ दोन जुने संगणक मोकळे असतात.